उजव्या शंखाचं डावं चित्र

सदर व्यक्ती स्त्री असून वय पन्नाशीपुढे, बांधा सडपातळ, चष्मे दोन, पैकी एक डोळ्यांवर व एक कपाळावर. हुद्दा : संशोधन संस्थेच्या तळघरातील चित्रण विभागाच्या प्रमुख. विभागातील इतर कर्मचारी : निरंक. विशेष जबाबदारी : वैज्ञानिक स्कॅनची त्रिमितीय चित्रं दाखवणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या निर्मात्या, एकमेव सांभाळकर्त्या व तत्संबंधी सर्व बाबींत अंतिम निर्णयाधिकारी. स्वभाव : हा रकाना भरण्यास सहकाऱ्यांनी नकार दिला.

संस्थेत त्यांना नामंजूरबाई म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणण्याइतकी छाती कुणाची नव्हती.

स्कॅनर एखाद्या वस्तूचे, म्हणजे हाडाचे, बीचे, किड्याच्या डोक्याचे, सुरीही न लावता पातळ आडवे काप टिपतो. बाईंचं सॉफ्टवेअर ते काप एकावर एक रचून पडद्यावर अख्खी वस्तू उभी करतं. मग ती फिरवा, चिरा, आत डोकवा. आणि सगळं फुकट. ओपन सोर्स म्हणजे त्यातली ओळ न् ओळ कुणीही वाचावी, घरी न्यावी, हवी तशी बदलावी, अशी लेखी परवानगी. ती बाईंनीच दिली होती, तरुणपणी, माणसांबद्दल त्यांचं मत बरं होतं तेव्हा. मूळ प्रतीत कुणाचा बदल घ्यायचा हे मात्र त्या ठरवत, आणि आजवर त्यांनी कुणाचाच घेतला नव्हता. देशोदेशीचे लोक दुरुस्त्या पाठवत. एकाची शीर्षकाची पद्धत चुकली म्हणून नामंजूर. एकानं आधीच आभार मानून ठेवले म्हणून नामंजूर.

बाईंची नणंद याच संस्थेत वरच्या मजल्यावर गोगलगायींचा अभ्यास करी. लग्न केलेलं नव्हतं, राहायला भावाच्याच घरी. एका दुपारी ती मुठीत शंख घेऊन तळघरात उतरली.

"वहिनी, हा बघ. हातात उजवा, तुझ्या पडद्यावर डावा."

"मग हात तपासून घ्या, वन्सं."

एरवी त्या नणंदेला 'अगं' म्हणत. 'वन्सं' भांडणासाठी राखून ठेवलेलं होतं.

गोगलगायीच्या शंखाचा वेढा बहुतेक जातींत उजवीकडे वळतो. डावा सापडला तर त्यावर निबंध लिहिता येतो. नव्या स्कॅनरमधून काढलेला नणंदेचा प्रत्येक शंख पडद्यावर डावा दिसत होता.

"इतक्या गोगलगायींनी एका रात्रीत पक्ष बदलला?" नणंद म्हणाली.

"तुमच्या संगतीत असतात. बिघडणारच."

"वहिनी, ऐक तरी. जुना स्कॅनर काप खालून वर मोजायचा, नवा वरून खाली मोजतो. ते कळावं म्हणून तो कापाच्या जाडीआधी उणे चिन्ह लावतो. तुझं सॉफ्टवेअर ते चिन्ह पुसून टाकतं. मग काप उलटे रचले जातात आणि शंखाचं आरशातलं रूप दिसतं."

"जाडी उणे कशी असेल? तुमची आहे का कधी झालेली?"

नणंद दार आपटून गेली. बाईंनी दाराला आतून कडी घातली, शंखाची फाईल उघडली आणि ते चिन्ह परत लावून पाहिलं. शंख निमूट उजवा झाला. त्यांनी चिन्ह पुन्हा काढलं आणि नणंदेनं आधीच पाठवून ठेवलेल्या दुरुस्तीखाली लिहिलं, 'जाडी ऋण असू शकत नाही. यंत्र बदलावे. नामंजूर.'

कारण उघड होतं. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक ओळीसमोर ती लिहिणाऱ्याचं नाव कायमचं राहतं, आणि आजवर सगळ्या ओळींसमोर एकच नाव होतं. तिथे नणंदेचं नाव यायचं? बरं, दुरुस्ती स्वतः करावी, तर नणंद बरोबर होती असं ठरणार. त्यापेक्षा जगातले सगळे शंख डावे असलेले परवडले.

रात्री जेवताना नणंदेनं भावाला मध्ये ओढलं. भावाचं चष्म्याचं दुकान होतं.

"दादा, तूच सांग, कोण चुकतंय?"

"मला जवळचं आणि लांबचं एवढंच कळतं."

"यांना काय विचारता?" बाई म्हणाल्या. "उजव्या पायात डावी चप्पल घालून हे कोपऱ्यापर्यंत जाऊन आलेत."

"मग मी माझी वेगळी प्रत काढते," नणंद म्हणाली.

"काढा की! परवानगी आहेच. बघू कोण येतंय तुमच्या दारात."

"कुणीतरी मीठ द्या," नवरा म्हणाला. मीठ नणंदेच्या हाताशी होतं. बाई उठल्या आणि आतून दुसरं घेऊन आल्या.

घरातली चूल एकच राहिली. सॉफ्टवेअरची मात्र नणंदेनं वेगळी मांडली. सगळं जसंच्या तसं उचललं, उणे चिन्हाला त्याची जागा दिली आणि वर नियमाप्रमाणे लिहिलं, 'मूळ काम माझ्या वहिनीचं.' एवढा अपमान बाईंचा कुणी केला नव्हता. त्यातल्या 'माझ्या'वर त्यांचा विशेष राग होता.

आणि लोक आले. वर्षानुवर्षं नामंजूर झालेले सगळे आपापल्या दुरुस्त्या काखोटीला मारून नणंदेकडे गेले. जाता जाता बाईंच्या पानावर दोन शब्द टाकायला कुणी विसरलं नाही. एकानं लिहिलं, 'शेवटी आभार मानायची सोय झाली.' बाईंनी नवी आवृत्ती काढली. तिच्यात भर एकाच गोष्टीची होती : 'नकलांपासून सावध राहा' अशी ठळक सूचना. नणंद लिफ्टमध्ये असली की त्या जिना चढत.

मग जुना स्कॅनर भंगारात गेला. आता संस्थेतली प्रत्येक फाईल उणे चिन्ह घेऊनच येऊ लागली. वनस्पतीवाला एका वेलीचा तणावा, म्हणजे आधाराला विळखा घालणारा तंतू, घेऊन तळघरात आला आणि पडद्याकडे बघत राहिला.

"बाई, हा उलटा वळलाय."

"तुम्ही उलटे उभे आहात."

तो सरळ जिना चढून वरच्या मजल्यावर गेला. त्याच्यामागून हाडवाले गेले, बीवाले गेले. वार्षिक अहवालाची चित्रं करायचं काम मात्र चित्रण विभागाचंच होतं, आणि ती सुलट छापावीत असा संचालकांचा आग्रह होता.

अहवाल निघायच्या आधी नणंद काहीतरी मागायला खाली आली. बाईंनी पडदा भिंतीकडे फिरवला.

"वहिनी, पडदा का फिरवलास?"

"डोळ्यांवर ऊन येतं."

तळघराला खिडकी नाही. चित्रण विभागाच्या संगणकावर सध्या नणंदेची प्रत चालते.