मधातलं औषध

काष्टीच्या आमच्या लिंबोणीच्या बागेत मी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामांनी, महिनाभर तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पहिला मध निघाला, बोट चाटलं, आणि पेट्या एकदम 'आपल्या' झाल्या. मग नातीला खोकला असो वा नसो, रोज सकाळी ते तिला चमचाभर मध चाटवायचे. चमच्याला राहिलेला स्वतः चाटायचे. तो बराच राहायचा.

विकायचा मध मी प्रक्रिया केंद्रावर नेला. तिथून तपासणीचा कागद आला : मधात औषधांचे अंश. पहिलाच मध परत येणार म्हणून मी कपाळाला हात लावला. मामांनी मात्र कागद खिशात घातला आणि आठवडे बाजारभर सांगत फिरले, "आमच्या मधात औषद हाय, लेखी हाय!" दुपारी दोघं जण वाट्या घेऊन दारात हजर.

केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, "गाळून, तापवून हे जायचं नाही. यंत्रातून बरंचसं काढता येतं, पण रंग, वास, चवही त्याच्याबरोबर जाते." तसा साफ केलेला थोडा मध त्यांनी बाटलीत दिला. घरी मामांनी तो चाखला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो तर साखरंचा पाक! आन् आपल्यातलं चांगलं औषद कशापायी काढायचं?"

"मामा, ते औषध म्हणजे तुम्ही फुलावर पंपानं मारता ते."

आमच्याकडे फवारणीला औषध मारणं असंच म्हणतात. मीही जन्मभर तेच म्हणत आले, तेव्हा त्यांना हसायचा मला काही हक्क नव्हता. तरी हसू येत होतं. पण मामांच्या हातात नातीचा चमचा होता.

"म्हंजी रोज सकाळी मीच पोरीला..." ते म्हणाले आणि त्यांनी चमचा खाली ठेवला.

"अगदी थोडं असतं, मामा," मी म्हणाले. किती थोडं, ते मलाही ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं.

तो मध आम्ही विकला नाही. पुढच्या बहरात बाग फुलली तरी पंप खुंटीवरच होता. फुलं गळून फळ धरल्यावर, एका संध्याकाळी माश्या परतलेल्या पाहून मामा पाठीला पंप अडकवून आले.

"सूनबाई, पेट्यांची दारं लाव," ते म्हणाले. "विख मारायचंय."