ज्याची परवानगी, त्याचा वाटा

जयपूरच्या जड पाण्यात वर्षभर चाललेला गीझर कधी उघडून पाहिलाय? बाहेरून चकाचक, आत पांढरा थर! किस्से असेच साचतात, कुणी मुद्दाम जमवत नाही. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून मी सांगलीहून इथे आले, जगतपुऱ्यातल्या एका खासगी विद्यापीठात गणित शिकवायला लागले आणि थर चढत गेला.

आमचे एचओडी लिमये सर. मूळचे पुण्याचे, पण उभी नोकरी राजस्थानात. त्यांचा विषय सहकारी गेम थिअरी. म्हणजे काय, तर चार जण मिळून काम करतात, नफा होतो, तो न्यायानं कसा वाटायचा याचं गणित. त्यातही सरांचं स्पेशलायझेशन असं, की त्या चौघांत कुणी वरचा, कुणी खालचा असेल तर काय करायचं!

न्यायावर त्यांचे पेपर इतके, की प्रत्यक्ष न्याय करायला वेळच उरत नसे.

*

एकदा मी त्यांच्या लेक्चरला मागे जाऊन बसले होते. सरांनी फळ्यावर दोन गोल काढले, एक वर, एक खाली.

"हा खालचा शंभर रुपये कमावू शकतो. पण वरच्याच्या परवानगीशिवाय त्याला काम सुरू करता येत नाही. वरचा स्वतः काहीच कमावत नाही. तर वाटणी कशी?"

पहिल्या बाकावर सुमन चौधरी होती. एमएस्सीची विद्यार्थिनी, आमेरच्या पलीकडल्या गावातून बस बदलत यायची. तिनं विचारलं, "सर, वरच्यानं केलं काय?"

"परवानगी दिली."

"आणि नसती दिली तर?"

"तर दोघांनाही शून्य. म्हणून पन्नास-पन्नास."

"मतलब सर, त्यानं अडवलं नाही, याचे पन्नास?"

"एक्झॅक्टली!" सर खूश झाले. "या मुलीला विषय कळलाय!"

आणि त्यांनी तिला पीएचडीला आपल्याच हाताखाली घेतलं.

*

तीजेच्या सणाच्या सुमारास सुमनला फेलोशिप मिळाली. तिनं स्टाफरूममध्ये भला मोठा घेवर आणला. वर मलाई, केशर, पिस्ते. सर म्हणाले, "आधी डीनसाहेबांकडे पाठवू." डीनच्या केबिनमधून अर्धा परत आला. त्यातला अर्धा सरांनी घरी न्यायला बाजूला काढला. उरलेल्याचे आम्ही स्टाफनं तुकडे केले.

सुमन दोन तास घेऊन आली, तोवर टेबलावर फक्त खोका होता. तिनं तो उचलला आणि कोपऱ्यातल्या डस्टबिनमध्ये टाकला.

"अरे, सुमनने खाया कि नहीं?" सरांनी मायेनं विचारलं.

*

एका हातछपाईवाल्यांच्या सहकारी संस्थेचं काम विभागाकडे आलं. छापणारे, रंगवणारे, त्यांच्यावर ठेकेदार, त्याच्यावर अध्यक्ष. वाटणी कशी करावी, याचा सल्ला त्यांना हवा होता. दोन महिने सगळ्या आकडेमोडीला सुमन बसली. स्लाइड दाखवल्या सरांनी. सूत्र असं, की कापड छापणाऱ्याच्या मेहनतीत वरच्या प्रत्येकाचा वाटा.

अध्यक्ष शेवटपर्यंत मन लावून ऐकत होते. मग हात जोडून म्हणाले, "वाह साहब! ये तो हम बिना पढ़े ही कर रहे थे!"

सरांनी हे रिपोर्टमध्ये 'लाभार्थींचा सकारात्मक प्रतिसाद' म्हणून घातलं.

*

आता नावांचं ऐका. गणितातल्या पेपरवर लेखकांची नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावायची पद्धत आहे. सर या पद्धतीचे कट्टर भक्त. आमचे शर्माजी वर्षानुवर्षं त्यांच्यामागेच छापून आले. "नियम म्हणजे नियम, शर्माजी! एल आधी, एस नंतर."

मग सुमनचा पेपर तयार झाला. तिचा स्वतःचा थिअरम. खालच्या माणसाला वरचे दोघे असतील आणि दोघांतल्या कुणाही एकाची परवानगी पुरत असेल, तर वरच्यांचा वाटा घटतो, असा काहीसा. पण चौधरी सी, लिमये एल!

सरांनी चष्मा पुसला. "हल्ली फर्स्ट नेमनं लावतात," ते म्हणाले.

सरांचं नाव अविनाश.

*

थीसिस लिहून झाला. एका सरकारी कॉलेजात जागा निघाली, पण अर्जासोबत थीसिस जमा केल्याचा दाखला हवा होता. त्यासाठी गाईडची सही लागते. सर म्हणाले, "पेपर छापून येऊ दे, मग बघू."

सुमन शेवटी डीनसाहेबांकडे गेली. तिच्याच थिअरमप्रमाणे दुसरा वरचा! डीननी पेपर चाळला, भरपूर कौतुक केलं आणि म्हणाले, "एचओडी की परमिशन ले आओ." पुढच्या आठवड्यात पेपरवर तिसरं नाव चढलं, डीनसाहेबांचं. सही मात्र नाहीच.

"मॅडम," सुमन मला म्हणाली, "प्रूफ तो सही था."

मग मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, पोरीची नोकरी जाईल. सही करा ना."

सर एकदम मराठीत आले. एरवी आमचं बोलणं इंग्रजीत. प्रमोशन, इन्क्रिमेंट, नकार, सगळं इंग्रजीत. काम असलं की मराठी! "मोहितेबाई, आपण आपली माणसं. तुम्हाला म्हणून सांगतो, परदेशात कॉन्फरन्स आहे. तिथे हा रिझल्ट मांडायचाय. आत्ता सोडली तर स्लाइड्स कोण करणार? आणि हो, तेवढे माझे तास बघाल ना?"

मी तास बघितले. सुमननं स्लाइड्स केल्या. सर गेले, आणि भाषणाच्या आदल्या दिवशी तिकडून त्यांचा फोन आला. मी स्टाफरूममध्ये तिच्या शेजारीच होते.

"सुमन, वो जो मेन थिअरम है… मतलब एक लाइन में क्या है?"

तिनं एका वाक्यात सांगितलं. त्याच दिवशी त्या कॉलेजची अर्जाची मुदत संपली.

सरांना तिथे उत्कृष्ट सादरीकरणाचं बक्षीस मिळालं. आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक चॉकलेट दिलं. सुमनला दोन!

*

सही झाली, व्हायवाचा दिवस उजाडला. हॉलबाहेर मोठा बॅनर होता. डीनसाहेबांचा फोटो, लिमये सरांचा फोटो, बाहेरून आलेल्या परीक्षकांचा फोटो.

सुमनची आई गावाहून आली होती. घुंगट डोळ्यांपर्यंत, हातात लहरियाचा, म्हणजे नागमोडी पट्ट्यांच्या कापडाचा, फेट्यासारखा बांधून तयार केलेला साफा. आदल्या दिवशी बापू बाजारात दोन तास हिंडून घेतलेला. बॅनरसमोर उभी राहून तिनं एकेक अक्षर लावून सगळं वाचलं. मग मला विचारलं, "इसमें म्हारी सुमन को नाम कठै छै?"

मी म्हटलं, "आत आहे, माँजी. थीसिसमध्ये."

व्हायवा उत्तम झाला. परीक्षकांनी उठून सुमनचं अभिनंदन केलं. "डॉक्टर सुमन चौधरी!" आम्ही टाळ्या वाजवल्या. आई साफा घेऊन पुढे आली. लिमये सर लगबगीनं उठले आणि तिच्यासमोर त्यांनी मान वाकवली.

आई त्यांच्या बाजूनं पुढे गेली आणि तिनं साफा सुमनच्या डोक्यावर ठेवला. मागचा शेमला नीट सोडला. सुमन रडत होती. सर मान वाकवून क्षणभर तसेच उभे.

मग त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाले, "चलिए, चलिए, फोटो! डीनसाहब बीच में!"

दुसऱ्या दिवशी तो फोटो विद्यापीठाच्या वेबसाइटवर आला. मधोमध डीनसाहेब, डोक्यावर लहरियाचा साफा. शेजारी हसणारे लिमये सर. अगदी कडेला सुमन, केस विस्कटलेले.