निळेच राहिलेले दाणे

आईचं कानाचं यंत्र झोपताना ज्या डबीत ठेवायचं असतं, तिच्यात सिलिकाचे निळे दाणे आहेत. दिवसभरात यंत्रात शिरलेली घामाची ओल ते ओढून घेतात. पाण्याचे रेणू दाण्यांच्या सूक्ष्म छिद्रांत, त्यांच्या भिंतींना नुसते चिकटून बसतात. पुरेसे चिकटले की दाणे गुलाबी होतात; मग ते तापवून पुन्हा कोरडे करायचे. हे काम माझ्याकडे आहे.

आज कितीतरी दिवसांनी डबी उघडली, तर दाणे निळेच. यंत्र आत, कोरडं ठणठणीत.

"आई, यंत्र घालत नाहीस का गं?" मी तिच्या कानाशी ओरडले.

"घालत होते," आई मटार सोलत म्हणाली. "पण त्यात नुसता पंखाच ऐकू येतो. मग कशाला?"

आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्तच लागलं. रेणूसुद्धा जवळ आला तरच चिकटतो, मी मात्र एकाच घरात राहून दारातूनच "जेवलीस ना?" अशी खूण करून जात होते. मला तिच्याकडे बघवेना.

मी तिच्याशेजारी बसले. तिनं लगबगीनं हात पुसले, यंत्र कानात घातलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हं, बोल."