यकृताचा फोटो

ऐंशीच्या दशकात मी कतारमध्ये, दोह्यातल्या एका इस्पितळात डॉक्टर होतो, सोनोग्राफी करायचो. एकदा मेसईद बंदरावरून एक क्रेनचालक आला, बोलण्यावरून साताऱ्याकडचा. कावीळ होऊन गेल्यावर यकृतावर व्रण राहिलेत का, ते बघायचं होतं. राहिले असतील तर कंपनी त्याला गावी धाडणार होती. तरी गडी इस्त्रीचा शर्ट घालून, तोंडाला पावडर फासून आलेला. आज फोटो काढणार, एवढंच त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

शर्ट काढायला लावला तेव्हा तो हिरमुसला. पण "श्वास धरा" म्हटलं की दर वेळी श्वास धरून, मान वळवून यंत्राकडे बघत छान हसायचा.

"अहो, यात चेहरा येत नाही," मी म्हणालो.

"असू द्या की डाक्टर. तुम्ही काढा."

यकृत गुळगुळीत होतं, व्रण कुठंच दिसला नाही. तसं सांगितल्यावर त्यानं आधी कंगव्यानं भांग नीट केला, मग फोटोची एक प्रत मागितली.

"काय करणार तिचं?"

"बायकोला पाठवतो. चेहऱ्याचे लई पाठवले. ती म्हणती, हसताय खरं, पण आतनं बरं हाय का?"