मॉरिशसचा भाऊबंद

पन्नास-बावन्न साल असेल. पनवेलच्या मोटार स्टँडवर मला मॉरिशसहून आलेला एक गृहस्थ भेटला. भर उन्हात कोट, आणि दिसेल त्याला वाकून नमस्कार. "माझे पणजोबा इथूनच उसाच्या मळ्यात मजुरीला गेले," तो म्हणाला.

मी त्याला खाडीकाठच्या त्याच्या पणजोबांच्या गावी नेलं. मॉरिशसला त्याचा स्वतःचा मळा आहे हे कळताच अख्खं गाव त्याचं भाऊबंद झालं. "यो त आमचाच मानूस हाय!" म्हणत एका म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली.

पाहुण्याचे डोळे भरून आले. "मग पणजोबांचं शेत दाखवता?"

म्हाताऱ्याची मिठी सुटली. "शेत? आमच्यातला कोनी बोटीत बसलाच नाय."

परतीच्या वाटेवर त्याने कोट काढून खांद्यावर टाकला. मग हसून म्हणाला, "पणजोबा परत का आले नाहीत, ते आज कळलं."