हरेशची गाडी किकला का येत नव्हती

मी ईएमईमध्ये व्हेईकल मेकॅनिक होतो. सैन्याच्या गाड्या, तोफा, जनरेटर चालू ठेवणारी ही कोअर. माझी सगळी नोकरी हातात पाना धरून गेली आणि हवालदार म्हणून मी बाहेर पडलो. लोक विचारतात, लढाई पाहिली का? मी सांगतो, रोज सकाळी पाहिली, बंद इंजिनांशी.

शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तरेत होती, बरीच उंचावर. जागेचं नाव सांगत नाही, न सांगायची सवय लागली आहे. तिथे दिवस गाड्या चालू करण्यापासून सुरू व्हायचा. फॉल-इन, हजेरी, चहा आणि मग एकेक गाडी. ड्रायव्हर सेल्फ मारणार, आम्ही कान देऊन ऐकणार. पेट्रोलच्या इंजिनाला चार गोष्टी लागतात. हवा, इंधन, ठिणगी आणि कॉम्प्रेशन. गाडी चालू होत नसेल तर चौघांपैकी कोणीतरी गैरहजर असतं आणि ते कोण हे शोधून काढायचं. मला हे काम मनापासून आवडायचं. बंद पडलेलं इंजिन दिसलं की मला अजूनही भूक लागल्यासारखं होतं.

क्राफ्ट्समन, म्हणजे आमच्या कोअरचा शिपाई, हरेश भोईर मला तिथे भेटला. तो बदलापूरजवळच्या सोनिवलीचा, मी अंबरनाथच्या बुवापाड्यात वाढलेला. शेजारच्या स्टेशनचा माणूस एवढ्या लांब भेटला की नातेवाईकच वाटतो. वयाने आणि हुद्द्याने लहान होता. मला उस्ताद म्हणायचा आणि तरी वाद घालायचा.

त्याची एक खोड होती. गाडी बिघडली की बॉनेट उघडायच्या आधी तो ड्रायव्हरची उलटतपासणी घ्यायचा. गाडी काल कुठे गेली होती, रात्री कुठे उभी होती, तोंड कुठल्या दिशेला होतं. ड्रायव्हर वैतागायचे. मीही वैतागायचो. एकदा रसद घेऊन गेलेली गाडी पुढच्या चौकीवर अडकली. हरेश तिच्याबरोबर होता आणि मी वर्कशॉपमध्ये रेडिओ सेटवर.

"पाना एक, मैं पाना दो. गाडी स्टार्ट नहीं हो रही. ओव्हर."

"पाना दो, फ्यूल लाइन चेक करो. ओव्हर."

"उस्ताद, पहले ये पूछने दो, रात को गाडी किधर खडी थी. ओव्हर."

"टाइम नहीं है. फ्यूल लाइन चेक करो. ओव्हर."

बऱ्याच वेळाने सेटवर आवाज आला.

"पाना एक. गाडी रात को नाले की तरफ पीठ करके खडी थी. हवा ने सायलेन्सर में बर्फ भर दी. निकाल दी. गाडी स्टार्ट. आउट."

फ्यूल लाइनबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मी सेटसमोर एकटाच हसत बसलो.

पुढे मी निवृत्त झालो आणि अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट घेतला. हरेश बढती मिळून नायक झाला, दुसऱ्या युनिटमध्ये गेला, तीही जागा उंचावरचीच. एका दुपारी रस्त्यावर दरड आली. अडकलेली गाडी काढायला रिकव्हरी पार्टी गेली, तीत तो होता. काम चालू असताना दुसरी दरड आली. मला हे फोनवर कळलं. त्याला सोनिवलीत आणलं तेव्हा मी खांदा दिला. त्यानंतर कित्येक दिवस मी कुठल्याही गाडीला हात लावला नाही.

त्याच्या बायकोचा, सुनंदाचा, फोन आला तो एका शुक्रवारी.

"भाऊ, ह्यांची बाइक किकला येत नाही. तीन मेकॅनिक झाले. प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर तीनदा धुतला. धक्का मारला की चालू होते, सकाळी किकवर मात्र नाही. तुम्ही येता का?"

"येतो की. घाई आहे का?"

"रविवारी जयेश घेऊन जाणार तिला."

जयेश हा हरेशचा चुलतभाऊ. शनिवारी सकाळी सोनिवलीला पोचलो तेव्हा सगळा मामला कळला. सुनंदा अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. तिने गाडी चालवायला शिकून लायसन्सही काढलं होतं. घरात गाडी असताना दुसरी कशाला, असं तिचं म्हणणं. सासरे बाळारामकाका ओट्यावर बसले होते. ते माझ्याकडे न बघताच बोलले.

"जयेशला देऊन टाकली मी. हिच्याच्यानं चालू होत नाय. धक्का मारायला रोज कोन येनार? गाव हसतो."

"बाबा, भाऊंना बघू तर द्या," सुनंदा म्हणाली. "चालू झाली तर मी नेणार. नाही झाली तर जयेश. तुम्हीच बोललात ना?"

काका उठले आणि घरामागे गेले. सुनंदा हळूच म्हणाली, "किकचा आवाज आला की ते इथे थांबत नाहीत."

ती बाइक मला माहीत होती. नंबर आपल्याच एमएच-०५ चा. हरेशने ती सुट्टीवर असताना घेतली होती आणि आम्ही दोघं सुट्टीवर असताना मी बदलापुरात तिच्या मागे बसून फिरलोही होतो. म्हणजे ओळखीचीच गाडी. मी थेट कामाला लागलो.

किक मारली. इंजिन फिरलं, शिंकल्यासारखं केलं, गप्प. पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा चोक ओढून पुष्कळ किका मारल्यावर धरलं, चोक सोडला की लगेच मेलं. प्लग काढून इंजिनाला टेकवला. ठिणगी निळी, सणसणीत. कॉम्प्रेशन चांगलं. एअर फिल्टर नवा. पेट्रोल ताजं. चौघंही हजर. तरी परेड काही सुरू होईना. मला गंमत वाटू लागली. खरं सांगायचं तर रविवारचा विचार माझ्या डोक्यातून जरा वेळ गेलाच होता.

प्लगचं टोक पांढरंफटक होतं. म्हणजे इंजिनाला हवा पुरेशी मिळत होती आणि पेट्रोल कमी. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्राचा पितळी तुकडा असतो, त्याला जेट म्हणतात. एक सुरुवातीला आणि हळू चालताना लागणारा, एक वेगासाठी. दोन्ही काढून उजेडात धरले. स्वच्छ. मेकॅनिकांनी धुतले होते ते खरं होतं. पण मला शंका आली आणि जेट खिशात घालून मी उल्हासनगरला गेलो.

तिथे स्पेअर पार्टच्या दुकानाचा मालक सिंधी, माझ्या ओळखीचा. त्याने भिंग लावून जेटवरचा बारीक आकडा वाचला.

"अंकल, ये ओरिजनल नहीं है. दोनों छोटे हैं. कंपनी ये साइज इसमें डालतीच नहीं."

"मग कोण टाकतं, साईं?"

"मायलेजवाले. पेट्रोल बचाने को छोटा जेट डालते हैं, फिर सुबह किक मार मार के पसीना निकालते हैं."

"बरोबर साइज दे मग."

"पुराना मॉडेल है. सोमवार को मिलेगा."

"उद्या गाडी जातेय."

"तो फिर उपरवाला देगा," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सोनिवलीला परत येताना मी त्या अज्ञात मायलेजवाल्याला मनातल्या मनात चांगलं फैलावर घेतलं. पोचल्या पोचल्या सुनंदाला विचारलं, "वहिनी, जेट कोणी बदलले? मायलेज वाढवून देतो असं कोण बोललं होतं?"

"कोणीच नाही. कार्बोरेटर माझ्यासमोर खोलला तिघांनी. धुतला, तसाच लावला. मी बाजूला उभी होते ना."

"मग आधीच कोणीतरी केलंय. हरेशने?"

"मायलेजसाठी? ह्यांनी? पेट्रोलचा विचार करणारा माणूस होता का तो?"

तेही खरं होतं. मी उघड्या कार्बोरेटरसमोर बसून राहिलो. ज्याने हे केलं त्याने नीट केलं होतं, स्क्रूच्या खाचेवर ओरखडासुद्धा नव्हता. हात शिकलेला होता. शिकलेला माणूस मुद्दाम चुकीचा जेट कशाला लावेल? आणि मग मला सुचलं, की सकाळपासून मी सगळं तपासलं, पण हरेशने ज्या प्रश्नाने सुरुवात केली असती तो प्रश्न विचारलाच नव्हता. ओळखीची गाडी म्हणून.

"वहिनी, ही गाडी याआधी कुठे होती?"

"कुठे म्हणजे? ह्यांच्याजवळ. शेवटच्या पोस्टिंगला घेऊन गेले होते. मागून सामानाबरोबर रेल्वेने आली."

मला वाटत होतं ती सोनिवलीतच पडवीत उभी होती.

मी सुनंदाला समजावलं. तिथे उंचावर हवा विरळ असते. इथलेच जेट तिथे ठेवले तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त होतं, इंजिन घुसमटतं. म्हणून जाणता मेकॅनिक लहान जेट लावतो. हरेशने ते लावले होते आणि तिथे ही गाडी एका किकला चालू होत असणार. खाली आल्यावर हवा दाट झाली, पेट्रोल मात्र तेवढंच राहिलं. गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं. ती फक्त तिथलीच राहिली होती.

सुनंदा ऐकत होती. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. माझेही भरून आले होते आणि मी ते लपवायला काही खटपट केली नाही.

"मग मोठे जेट लागणार," ती म्हणाली. "आणि ते सोमवारी."

"थांबा जरा."

आमच्या वर्कशॉपात एक शिस्त होती. तात्पुरता पार्ट लावला तर मूळ पार्ट स्टोअरमध्ये टाकायचा नाही, त्याच गाडीत बांधून ठेवायचा. हरेश वाद घालायचा, पण शिस्त मोडायचा नाही. टूलकिट पाहिलं, नाही. सीट काढली, नाही. बाजूचं कव्हर काढलं आणि बॅटरीमागे हात घातला. फ्रेमला बाइंडिंग वायरने एक चिंधी बांधलेली होती, रायफल साफ करायला मिळते तसली. तिघा मेकॅनिकांनाही तो मळका बोळा वाटला असणार. आत तेलात भिजवलेले दोन जेट होते.

खाली उतरताना परत लावायचे म्हणून त्याने ठेवले होते. म्हणजे त्याला खाली यायचं होतं. हे मी सुनंदाला सांगितलं नाही, तिला सांगायची गरज नव्हती. ती एका हातात हे मूळ जेट आणि दुसऱ्या हातात माझ्या खिशातले लहान जेट घेऊन उभी होती.

"वहिनी, त्याने या गाडीवर केलेलं शेवटचं काम आहे हे. बदलायचं का, ते तुम्ही सांगा."

तिने दोन्ही जोड माझ्या तळहातावर ठेवले.

"ते वर होते म्हणून त्यांनी ते लावले, भाऊ. मला अंबरनाथला जायचंय. बदला."

मी मूळ जेट बसवले, कार्बोरेटर चढवला, पेट्रोलचा कॉक उघडला. किक मात्र मी मारली नाही. सुनंदाने ओढणी कमरेला बांधली आणि उभी राहिली. पहिली किक वाया गेली. दुसरीला इंजिनाने धरलं. तिने चोक सोडला. इंजिन मेलं नाही. ती पहिल्या गिअरमध्ये अंगणाबाहेर गेली, रस्त्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. आवाज मात्र बराच वेळ येत राहिला. एकसारखा, साफ.

बाळारामकाका घरामागून आले. ओट्यावर न बसता अंगणात उभे राहिले आणि आवाजाकडे कान लावून राहिले. ती परत येईपर्यंत हलले नाहीत. तिने गाडी उभी केली, बंद केली आणि त्यांच्यासमोर पुन्हा एकदा किक मारली. चालू झाली.

काकांनी खिशातून फोन काढला.

"जयेश, उद्या येऊ नको. गाडी घरात लागते."

मग ते माझ्याकडे वळले. माझ्या हातात हरेशने लावलेले दोन लहान जेट होते. त्यांनी ते तळहातावर घेतले, डोळ्यांजवळ नेले.

"हे हरेशनं बसवलेले?"

"हो काका."

"आता काय कामाचे?"

"इथे काही नाही. तिथे उंचावर गाडी नेली, तरच."

काकांनी मूठ मिटली. मग सुनंदाला हाक मारून तिच्या हातात दिले.

"टाकू नको गं. कवा आपन दोघां गेलो त्याची जागा बघाया, तर लागतील."

सुनंदाने ते त्याच चिंधीत गुंडाळले, हरेशने बांधले होते तिथेच बॅटरीमागे फ्रेमला बांधले आणि कव्हर लावलं.