लावऱ्या धरणारी बाळाबाई

बाळाबाईला नवऱ्यानं टाकलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पाच वर्षांत मूल झालं नाही, म्हणून सासऱ्यानं तिला माहेरी, पासलीच्या शिवेवर आणून सोडलं. घरापर्यंत यायचीसुद्धा तसदी घेतली नाही. थोरला भाऊ सावळाराम तिला घरी घेऊन आला. भावजय ठकुबाई मात्र त्याच संध्याकाळी म्हणाली, "वन्सं, बसून खायाला हितं कुनी आयतं ठेवलं न्हाई." गोठ्याच्या कडेला तिला जागा मिळाली. सगळ्यांची जेवणं उरकली, की भांड्याच्या बुडाशी राहील ते तिचं.

हे सगळं मला माझ्या आत्यानं, विंझरच्या सखूबाईनं सांगितलं. आत्याचं छोटं दुकान होतं आणि बाळाबाई शेवटची आठ वर्षं तिच्याकडे भात कांडायला होती.

गुरांमागं डोंगरात हिंडताना बाळाबाईला लावऱ्यांचा नाद लागला. लावरी, तितराच्या जातीचं पाखरू, दिसायला मातीच्या ढेकळाएवढी, रंगानंही तशीच. पाय पडेपर्यंत हलत नाही आणि मग एकदम पायाखालून थवाच्या थवा फडफडत उडतो. बाळाबाई तासन्‌तास करवंदीच्या जाळीत बसून बघायची. लावऱ्या सहसा उडत नाहीत, एकीमागं एक गवतातून पळतात आणि त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात, हे तिनं हेरलं. अंधारायच्या सुमाराला सगळा थवा जमिनीवर गोल करून बसतो, शेपट्या आत, तोंडं बाहेर. कुठूनही काही आलं तरी एकीला तरी दिसावं म्हणून.

घोड्याच्या शेपटीचे केस फाशाला बरे, असं लोक म्हणत. पण पासलीत घोडा कुणाचा? तिनं स्वतःचे केस उपटले. दोन-दोन केस पिळून तिनं फास वळले आणि ते लावऱ्यांच्या वाटेवर खुंट्यांना बांधले. पहिल्या दिवशी चार सापडल्या. वेल्ह्याच्या बाजारात त्यांच्या बदल्यात तांदूळ आणि मीठ मिळालं. त्या दिवसापासून ठकुबाई तिला पंगतीत वाढू लागली.

दहा वर्षं असं चाललं. बाळाबाईचं डोकं कपाळापासून मागं विरळ होत गेलं. पोरीबाळी हसायच्या.

सावळारामच्या वाट्याचा एक माळ होता. नवं गवत जोमानं फुटावं म्हणून आजूबाजूचे सगळे माळ दरसाल पेटवायचे. बाळाबाईनं भावाला हात जोडून हा एक माळ राखायला लावला. "दादा, गवत जळालं की त्या दडनार कुठं? पिल्लांना वाळवी लागती, ती बी जळून जाती. म्हागारी येत न्हाईत मग." अगदी दाट गवतही त्यांना नको असायचं. मातीत लोळायला मधेमधे उघडी जागा लागायची, म्हणून तेवढ्यापुरती ती तिथं गुरं फिरवायची. पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंत त्यांची अंडी. गवताच्या बुडाशी नुसता खळगा, त्यात पाच-सहा. खळगा दिसला की त्या बाजूचे फास ती उचलायची. हे दयेपोटी नव्हतं. अंड्यांवरची धरली तर पुढच्या साली खायचं काय, एवढंच तिला कळत होतं.

१९३८ सालच्या माघात गेनबा पाटलांनी सावळारामला बोलावलं. कुणी बडा पाहुणा शिकारीला येऊन वेल्ह्याजवळ तळ देणार होता आणि त्याला लावऱ्यांचं भारी वेड. सावळारामला पाटलांची मर्जी हवी होती. "साठ देतो," तो म्हणून आला.

"आत्ता न्हाई, दादा," बाळाबाई म्हणाली. "अंड्यांवर हाईत. चैतात देते."

"पाव्हना चैतापत्तुर थांबनार हाय व्हय?"

"चार-पाच दिवसांत साठ फासात यायच्या न्हाईत."

"मग फास कशाला?" सावळाराम म्हणाला. "रान पेटवतो की."

ती त्याच्या पाया पडली. त्यानं पाय सोडवून घेतला आणि तिच्या बरगडीत मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माळ तीन बाजूंनी पेटवला. चौथ्या बाजूला जाळी धरून माणसं उभी. वारा खालून होता. लावऱ्यांनी नेहमीचंच केलं. त्या दबून राहिल्या. आग अंगावर आली तेव्हा उडाल्या, कुणी धुरात, कुणी थेट जाळात. जाळीत सतरा आल्या. अंड्यांवरच्या उठल्याच नाहीत.

"बाळे," सावळाराम ओरडला, "तुला ठावं हाय कुठं बसत्यात. जा, येचून आन."

"निवू दे तरी."

"निवंस्तवर कावळं नेतील. जा!"

ती अनवाणी राखेत शिरली. सगळे खळगे तिला पाठ होते. पंख जळालेल्या, डोळे उघडे असलेल्या, एखादी अजून धडपडणारी, अशा चाळीसवर लावऱ्या तिनं ओच्यात गोळा केल्या. बाहेर आली तेव्हा तळपायांची कातडी लोंबत होती. ठकुबाईनं आधी ओचा रिकामा करून घेतला.

पाहुणा आलाच नाही. तळ ऐनवेळी दुसरीकडे हलला. जिवंत होत्या त्या पाटलांच्या घरी गेल्या, जळक्या होत्या त्या कुत्र्यांना. आठवडाभरानं, बाळाबाईला अजून उभंही राहता येत नव्हतं तेव्हा, ठकुबाईनं तिचं ताट बंद केलं. "लावऱ्या न्हाईत, तर भात कुठला?"

काही लावऱ्या वाचल्या होत्या. ओढ्याच्या कडेला गवताचा एक पट्टा जळायचा राहिला होता, तेवढाच त्यांना आसरा. थवा फुटला की लावऱ्या बारीक शीळ घालून एकमेकींना बोलावतात आणि पुन्हा एकत्र होतात. ती शीळ बाळाबाईला हुबेहूब यायची. पायाला चिंध्या बांधून ती रांगत ओढ्यावर गेली, पट्टाभर फास लावले आणि शीळ घातली. दहा संध्याकाळी तिनं हेच केलं. विखुरलेल्या लावऱ्या पळत आल्या आणि अडकल्या. नर, मादी, अंड्यांवरची, पिल्लांची, एकही तिनं सोडली नाही. अंडी फोडून टाकली. शेवटच्या दिवशी दोनच आल्या. त्यानंतर किती शीळ घातली तरी उत्तर आलं नाही.

मग ती लावऱ्यांची टोपली डोक्यावर आणि आपली तांब्याची घागर काखेत घेऊन, मिळेल त्या गाडीनं आणि उरलेली वाट लंगडत विंझरला आली.

आत्यानं एकदा तिला विचारलं, "पिल्लांच्या आया बी धरल्यास? जीव कसा झाला गं?"

"झाला," बाळाबाई म्हणाली. "दादाच्या माळावर आता काय बी वरडनार न्हाई. मी बगून आले."

त्या माळावर पुढं लावरी कुणाला दिसली नाही. बाळाबाईचे पाय कधीच पुरते भरले नाहीत. कांडायला उभी राहिली, की उखळापाशी रक्ताचे ठसे उमटायचे आणि आत्या ते शेणानं सारवून टाकायची.

१९४६ च्या आषाढात बाळाबाई तापानं गेली. निरोप मिळाला तसा सावळाराम भिजत आला. ओसरीत तिचं प्रेत ठेवलं होतं. त्यानं तोंडावरचं फडकं उचलून पाहिलं, पुन्हा टाकलं.

"तिची तांब्याची घागर होती न्हवं?" त्यानं विचारलं.

आत्यानं घागर आणून दिली. "अग्नी तरी देऊन जा."

"भाताची आवनी खोळंबलीय," सावळाराम म्हणाला. पाऊस लागू नये म्हणून त्यानं घागर डोक्यावर उपडी धरली आणि तो पासलीच्या वाटेला लागला.